वर्ष संपवा

साम्राज्यं का कोसळतात, या प्रश्नापायी थोर थोर इतिहासकारांनी आयुष्यं वेचली आहेत. कोणी नैतिक अधःपाताकडे बोट दाखवतं, कोणी जाचक करांकडे, कोणी दुष्काळाकडे, तर कोणी उत्तरेकडून येणाऱ्या रानटी टोळ्यांकडे. व्हिएतनाममधल्या नाम दिन्ह शहरात राहणाऱ्या थिनला खरं कारण माहीत होतं. साम्राज्यं मेमरी कमी पडल्यामुळे कोसळतात. त्याचा मित्र होआन याच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला ती दोन जीबी होती.

दोघं त्यावर राज्यं चालवायचा एक गेम खेळत. त्याच्या खोक्यावर किमान गरजा छापलेल्या होत्या. त्यातली वीज सोडली तर एकही गरज तो कॉम्प्युटर भागवू शकत नव्हता, आणि उन्हाळ्यात विजेचीही खात्री नसे. तरी तो गेम त्याच्यावर चालत होता. चालत होता म्हणजे, पाय मोडलेला माणूस जसा कोणाच्या तरी खांद्यावर हात टाकून चालतो, तसा. खांदे या दोघांचे. पत्र्याचं झाकण कायमचं काढून ठेवलेलं, समोर टेबलफॅन. गिऱ्हाईक आलं की होआन फॅन गिऱ्हाइकाकडे वळवायचा आणि इकडे दोन राज्यांचा कारभार जागच्या जागी गोठायचा. आधी त्यांनी समुद्रातल्या लाटा बंद केल्या. मग ढग. मग झाडं. मग सैनिकांच्या सावल्या, आणि शेवटी सैनिकांचे चेहरेही. थिनने संस्कृती खात्यात तीस वर्षं नोकरी केली होती, त्यामुळे बिनचेहऱ्याच्या माणसांचा कारभार त्याला नवा नव्हता.

गेममध्ये आठ राज्यं होती. एक थिनचं, एक होआनचं, उरलेली सहा कॉम्प्युटरची. दोघं एकाच खुर्चीवर आळीपाळीने बसत. आपापल्या राज्याला हुकूम द्यायचे आणि कोपऱ्यातलं ‘वर्ष संपवा’ हे बटण दाबायचं. मग कॉम्प्युटर सहा राज्यांचा विचार करायला बसे. तो बसला की उठत नसे. तेवढ्या वेळात होआन कोणाचे जन्मदाखले छापून घ्यायचा आणि थिन नाक्यावर जाऊन वाफाळत्या बान्ह कुऑनची एक ताटली संपवून यायचा. एकदा वर्ष संपेपर्यंत तो न्हाव्याकडे जाऊन केस कापून आला.

“संपलं?” त्याने विचारलं.

“मार्च चालू आहे,” होआन म्हणाला. “केस छान कापलेत. डोक्यात काही नाही हे आता लांबूनही दिसतं.”

मग एकदा उत्तरेतलं एक राज्य आपापसातल्या भांडणांत आपोआप बुडालं आणि त्यानंतरचं वर्ष चहा संपायच्या आत संपलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या दिवसापासून, मनात सत्तेची हाव नाही, सूड नाही, धर्म नाही, अशा निर्मळ अंतःकरणाने त्यांनी जगातली राज्यं पुसायला घेतली. आधी घोडेवाल्यांचं, कारण घोडे फार होते. मग डोंगरातल्या मठवाल्यांचं. शेवटी कोपऱ्यातल्या बेटांवरचे कोळी राहिले. त्यांनी कोणाची कुरापत काढली नव्हती. पण त्यांच्या होड्या वर्षभर इकडून तिकडे फिरायच्या, आणि कॉम्प्युटरला त्या एकेक मोजाव्या लागायच्या.

“अरे, कोळ्यांनी काय घोडं मारलंय आपलं?” होआन म्हणाला.

“फार हलतात,” थिन म्हणाला, आणि त्याने आरमार पाठवलं. जुनी सवय म्हणून त्याने कोळ्यांविरुद्ध एक जाहीरनामाही कागदावर लिहिला. होआनने त्याची झेरॉक्स काढून दुकानात लावली. महिनाभर लोक तो खरा समजून उभ्याउभ्या वाचत.

सरतेशेवटी दोन राज्यं उरली. आता त्यांच्यात युद्ध करायचं तर कोणीतरी जिंकणार, जिंकलं की गेम संपणार, आणि संपताना पडद्यावर जी आतषबाजी होते तिने कॉम्प्युटरचा जीवच जाणार. म्हणून त्यांनी तह केला. लढाई नाही, हेरगिरी नाही. एकाने वर्ष संपवायचं, मग दुसऱ्याने. अधूनमधून धान्य भेट पाठवायचं. असं सहा वर्षं चाललं. गेममधली किती झाली, कोण जाणे. होआनची बायको म्येन हिने एकदा विचारलं की यात जिंकतंय कोण. दोघांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने देवळात चपला घातल्या होत्या.

त्यांचं एकच भांडण होतं, ते या कॉम्प्युटरच्या नावावरून. फार वय झालेल्या पूजनीय माणसाला त्यांच्या भाषेत ‘कू’ म्हणतात, आवाज खाली दाबून. तोच शब्द आवाज मोडून वर चढवत म्हटला तर अर्थ होतो जुनापुराणा, वापरून झालेला. आणि आवाज सपाट ठेवला तर लहान पोरांच्या चड्डीत जे असतं ते. लिहिताना दाबलेल्या आवाजासाठी अक्षराखाली टिंब देतात. थिन कॉम्प्युटरला जुनापुराणा म्हणायचा. होआन म्हणायचा, पूजनीय. म्हणताना तो टेबलाला हातही जोडायचा.

“भंगारात टाक हे जुनं धूड,” थिन म्हणे.

“टिंब दे, लेका, टिंब दे. म्हाताऱ्याला ऐकू येतं.”

टिंब देणंही कॉम्प्युटरवर तसं सोपं नव्हतं. त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो चालू असला की अक्षरं रोमन दाबायची, आणि शब्दाच्या शेवटी ‘जे’ हे अक्षर दाबलं की ते नाहीसं होऊन स्वराखाली टिंब उमटतं. दुकानात दिवसभर टंकलेखन करून होआनच्या आणि म्येनच्या बोटांना हे श्वास घेण्यासारखं झालं होतं. मात्र हा प्रोग्रॅमही थोडी मेमरी खायचा. गेम सुरू करायच्या आधी तो बंद करणं हे थिनचं खातं होतं, आणि ते तो चोख सांभाळायचा.

*

मग होआनच्या पोटात दुखायला लागलं. ते दुखणं आधी गॅस होतं, मग अल्सर होतं, मग म्येन त्याविषयी बोलेनाशी झाली. होआन वाळत गेला. दुकानात येऊन बसायचा, पण खुर्चीत फार वेळ बसवत नसे. चमत्कार असा की नेमक्या त्याच महिन्यांत गेम सुधारला. वर्षं भराभर संपू लागली. कोळी गेल्यानंतरही प्रत्येक वर्षाला एक सिगारेट लागायची, ती आता अर्ध्यावर विझवावी लागे. थिनने त्याच सुमारास एक रंगाचा ब्रश आणून कॉम्प्युटरच्या पोटातली धूळ काढली होती आणि दुसरा फॅन मागच्या बाजूने लावला होता. त्याने याचं श्रेय घ्यायला मागेपुढे पाहिलं नाही.

“बघ, खात्यात असतो तर बढती मिळाली असती,” तो म्हणाला.

“तुझ्या ब्रशची कमाल आहे बाबा,” होआन म्हणाला. “माझ्याही पोटातून एकदा फिरव.”

हनोईच्या इस्पितळात जायच्या दिवशी टॅक्सी दाराशी उभी होती आणि होआनची पाळी होती. म्येन पिशव्या उचलत होती. होआनने खुर्चीच्या पाठीला धरून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “राहू दे. आल्यावर संपवतो. तू हात लावू नकोस, माझं वर्ष आहे.”

तो आला, पण टॅक्सीने नाही.

पडद्यावर तेव्हापासून एकच ओळ होती. ‘होआन, तुमचं वर्ष. परवलीचा शब्द?’ एका खुर्चीवर दोघं खेळतात तेव्हा एकाचं राज्य दुसऱ्याला दिसू नये म्हणून गेम प्रत्येकाला परवलीचा शब्द ठेवायला लावतो. थिनला होआनच्या बाजूचा मुलूख कायम काळ्या धुक्यात दिसे. त्याने कधी डोकावलं नव्हतं. तहच होता तसा.

तो वर्षभर रोज दुकानात येत राहिला. दुकान आता म्येन एकटी चालवायची. सकाळी ती त्याच कॉम्प्युटरवर काम करायची, संध्याकाळी थिन गेम उघडायचा आणि शब्द घालून बघायचा. म्येनचं नाव. मुलीचं नाव. होआनच्या आवडत्या फुटबॉल संघाचं नाव. ‘कू’ तर त्याने पहिल्याच आठवड्यात घातलं होतं, सी आणि यू. गेमला टिंब कळत नाही, त्यामुळे ते दाखवता आलं नाही, आणि पडद्याने नकार दिल्यावर थिनलाच लाज वाटली, कारण टिंबाशिवाय त्याने मित्राच्या बायकोसमोर जे लिहिलं होतं ते लिहायचं त्याचं वय नव्हतं.

त्याला जिंकायचं नव्हतं. होआन जे वर्ष अर्ध्यावर टाकून गेला होता, ते संपलेलं त्याला बघायचं होतं, एवढंच. माणूस गेला, त्याच्या चपला गेल्या, त्याचा फोन नंबर दुसऱ्या कोणाला मिळाला. पण या एका ठिकाणी अजून त्याची पाळी होती, आणि त्याच्यासाठी कोणीतरी खोळंबून होतं. गेम दुसऱ्या, नव्या कॉम्प्युटरवर नेऊन पाहिला. नव्या कॉम्प्युटरने ही जुनी फाइल ओळखायला नकार दिला.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा म्येनने सांगितलं की ती दुकान सोडतेय. मुलगी तिला विन्ह शहरात आपल्याकडे राहायला बोलावत होती. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी जागा मालकाला द्यायची होती.

“कॉम्प्युटर तुम्ही न्या, भाऊजी.”

“वहिनी, तो एकदा बंद केला की पुन्हा चालू होणार नाही. गेल्या वेळी वीज गेली तेव्हा होआनने वर तीन थपडा मारल्या होत्या. कुठे मारायच्या ते त्याने मला सांगितलं नाही.”

म्येन हसली. तिने बऱ्याच दिवसांत काढला नव्हता असा तो आवाज होता, नंतर त्याचं खोकल्यात रूपांतर झालं.

“मग त्यांना एक नवा पाठवू,” ती म्हणाली. “तिकडे तरी अडकून बसायला नको. मला त्यातलं कळत नाही. तुम्ही चला माझ्याबरोबर.”

*

मेलेल्या माणसाला कागदाच्या वस्तू जाळून पाठवणं हा अपव्यय आहे, असं पत्रक थिनने खात्यात असताना स्वतः लिहिलं होतं. दर वर्षी सातव्या, म्हणजे पितरांच्या महिन्यात ते गल्लोगल्ली वाटलं जायचं. कागदी वस्तूंच्या दुकानातली ठेंगणी बाई त्याला बघताच ओळखून हसली.

“या काका! तुमची पत्रकं बंद झाली आणि आमचं नुकसान झालं. कागद छान होता, एका काडीत पेटायचा.”

“कॉम्प्युटर दाखवा,” थिन ताठ आवाजात म्हणाला.

तिने बांबूच्या काठीने वरून एक उतरवला. चंदेरी कागद, मोठा पडदा, पडद्यावर छापलेलं निळं आकाश. थिनने तो उलटासुलटा करून पाहिला.

“मेमरी किती आहे?”

“काका, कागद आहे.”

“ते दिसतंय. आत काय आहे?”

“आत पुठ्ठा.”

“पुठ्ठ्यावर काय लिहिलंय?”

बाईने म्येनकडे पाहिलं. म्येनने मान हलवली, जसं डॉक्टरसमोर नातेवाईक हलवतात. बाईने मार्कर काढला.

“सांगा.”

“बत्तीस जीबी. नाही, चौसष्ट लिहा. आणि पंखे दोन हवेत. याला एकच काढलाय.”

“तिकडे उकडत नाही, काका.”

“तुम्ही जाऊन आलात?”

बाईने लाल कागदाचा दुसरा पंखा कापून डकवला. थिनने ग्राफिक कार्ड कुठे असायला हवं ते बोटाने दाखवलं, तिथे तिने सोनेरी कागदाचा चौकोन लावला. लाटा, झाडं, सावल्या आणि चेहरे, सगळं त्याला चालायला हवं होतं. तो अर्धा तास उभा होता. म्येन बाहेर जाऊन एका स्टुलावर बसली आणि हातातल्या पिशवीची कड दुमडत राहिली. माउस आणि कीबोर्ड वेगळ्या पारदर्शक पिशवीत होते. ते कॉम्प्युटरबरोबर येतातच, म्हणून कोणी बघितले नाहीत.

*

वर्षश्राद्धाच्या दिवशी उकडलेली कोंबडी, चिकट भात आणि होआनला आवडायची ती बिअर फोटोपुढे ठेवली. उदबत्त्या अर्ध्यावर आल्यावर म्येनने दुकानासमोरच्या पत्र्याच्या डब्यात कागदी सदरे, बूट आणि सोन्याच्या विटा घातल्या. कॉम्प्युटर सगळ्यात वर ठेवला. त्यावर होआनचं नाव, गाव आणि मृत्यूची तारीख लिहिलेली पट्टी चिकटवली होती, नाहीतर वाटेत दुसराच कोणी उचलतो.

थिन सरकारी समारंभात उभा राहतो तसा, हात मागे बांधून उभा होता. पडद्यावरचं निळं आकाश आधी तपकिरी झालं आणि मग एकदम गेलं.

“पोचला असेल?” म्येनने विचारलं.

“त्याचा वेग चांगला आहे,” थिन म्हणाला.

राख अजून लाल होती तेवढ्यात शेजारच्या गल्लीतला एक माणूस दंडाला पांढरी पट्टी बांधून आला. त्याची पणजी गेली होती आणि पुष्पचक्रावर लावायला पट्टी छापून हवी होती. म्येन म्हणाली की दुकान बंद झालंय. माणूस म्हणाला, बरं, आणि जागचा हलला नाही. म्येन डोळे पुसून खुर्चीवर बसली.

“हे शेवटचं,” ती म्हणाली आणि टाईप करू लागली. पणजीबाईंच्या नावाआधी मानाचा शब्द आला. तिची बोटं नेहमीसारखी चालली आणि ती एकदम चिडली. “भाऊजी! तुम्ही पुन्हा टिंबांचा प्रोग्रॅम बंद केलात? काल खेळलात ना? हे बघा काय उमटलंय! यांची पणजी आहे ती!”

थिनने पडद्याकडे पाहिलं. तिथे सी होता, यू होता, आणि टिंब व्हायला न मिळाल्यामुळे नुसताच उभा राहिलेला जे होता.

म्येनने प्रोग्रॅम चालू केला, पट्टी छापली, माणूस दोन्ही हातांत पट्टी धरून गेला. मग थिनने विचारलं, “वहिनी, मी जरा बसू?”

त्याने गेम उघडला. फॅन वळवला. पडद्यावर ती ओळ आली. त्याने एका बोटाने सी दाबला, यू दाबला आणि जे दाबला.

इतक्या वर्षांत त्याच्यासाठी कधीच न सरकलेलं काळं धुकं सरकलं.

होआनच्या राज्यात काही नव्हतं. नदीच्या वळणावर एक गाव होतं, त्याला एक धान्याचं कोठार आणि एक धक्का. सैनिक नव्हते. जहाजं नव्हती. बाकी साऱ्या मुलखात फक्त करडे ठिपके होते. थिनने एका ठिपक्यावर बाण नेला, तिथे लिहून आलं, ‘उजाड नगर. राजाच्या हुकुमाने सोडलं.’ दुसऱ्यावर नेला. तेच. तिसऱ्यावरही तेच. एकेक शहर, एकेक किल्ला, एकेक होडी होआनने स्वतःच्या हाताने मोडून टाकली होती, कॉम्प्युटरला मोजावं लागू नये म्हणून. खुर्चीत बसवत नव्हतं त्याला. वर्षं लवकर संपायला हवी होती. म्हणजे जेवढे दिवस उरले होते तेवढ्यात जास्त वर्षं मावली असती.

रंगाचा ब्रश अजून टेबलावर पडलेला होता. थिनने तो उचलला, खिशात घातला, पुन्हा काढून ठेवला.

“लागला शब्द?” म्येनने मागून विचारलं. “काय दिसतंय?”

“काही नाही, वहिनी.”

“काही नाही कसं? एवढी वर्षं दोघं काय करत होतात मग?”

“वर्षं संपवत होतो,” थिन म्हणाला.

त्याने बटण दाबलं. बोट उचलायच्या आत होआनचं वर्ष संपलं. ‘थिन, तुमचं वर्ष.’ थिनने आपला परवलीचा शब्द घातला, कुठलाही हुकूम न देता आपलंही वर्ष संपवलं आणि पडद्यावर पुन्हा होआनचं नाव आलं. तिथे त्याने थांबवलं. दोन्ही फॅन बंद केले. मग उभा राहून, टेबलाला हात जोडून, भिंतीतलं बटण बंद केलं. पूजनीय म्हातारा एकदा खरखरला आणि गप्प झाला.

म्येन फॅन वर्तमानपत्रात गुंडाळू लागली.

घरी जाताना कागदी वस्तूंचं दुकान लागलं. बाईने दाराबाहेर तसाच एक कॉम्प्युटर टांगला होता, एका पंख्याचा. खाली पारदर्शक पिशवीत माउस आणि कीबोर्ड. थिन थांबला. होआन आता कुठेतरी दोन पंख्यांच्या वाऱ्यात बसला असेल, लाटा चालू असतील, झाडं असतील, आणि समोर त्याच्या नावाची ओळ आली असेल, असं त्याच्या मनात आलं. आयुष्यभर पत्रकं लिहिलेल्या माणसाच्या मनात असलं काही येऊ नये, पण आलं. त्याने पिशवीवरूनच बोट टेकवलं. सी. यू.

“काय शोधताय, काका?”

“जे.”

“काय?”

“जे अक्षर. कुठे आहे?”

बाईने पिशवी काढून उजेडात धरली. गावातल्या छापणाऱ्याने अक्षरं शाळेतल्या तक्त्यासारखी ओळीने छापली होती. टोपी घातलेला ए होता, मिशी फुटलेला ओ होता. आय होता आणि त्याच्यानंतर के होता. तिने दुसरी पिशवी काढली, मग तिसरी.

“सगळे एकाच साच्यातले आहेत, काका.”

व्हिएतनामी वर्णमालेत जे हे अक्षर नाही.